किल्ल्याचा दरवाजा आणि घराचा उंबरठा



मालवणच्या किनाऱ्यावरून होडींत बसून सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या प्रवाशाला एका गोष्टीचा हटकून अचंबा वाटतो. समोर काळा तट पसरलेला असतो, बुरूज एकामागून एक मोजतां येतात, तटावर आदळणाऱ्या लाटांचा फेसहि स्पष्ट दिसतो. परंतु आंत शिरावें कोठून, हें कांहीं केल्या उमगत नाहीं. होडी अगदीं तटाजवळ जाते, तेव्हां कोठें बुरुजांच्या आडोशाला वळणांत लपविलेला दरवाजा दृष्टीस पडतो. शिवाजीमहाराजांनीं १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटे बेटावर ह्या किल्ल्याचें बांधकाम आरंभिलें, तेव्हां हा दरवाजा आडवळणीं बांधला गेला तो चुकून नव्हे. येणारा मनुष्य शत्रु असेल, हें गृहीत धरूनच तो बांधलेला आहे. त्यानें गोंधळावें, थबकावें, वाट शोधण्यांत वेळ दवडावा आणि तेवढ्यांत त्याच्यावर वरून मारा करतां यावा, हाच त्या रचनेचा हेतु.

तीच होडी किनाऱ्याला परत लागल्यावर गांवांतील एकाद्या जुन्या चिरेबंदी घराकडे पाहावें. पुढें सारवलेलें खळें, मध्यें तुळशीवृंदावन, त्यापलीकडे दोन पायऱ्या, पडवी आणि मग माजघराचें दार. पायताण कोठें काढावें, बसावें कोठें, हांक कोणत्या दिशेनें मारावी, हें येथें कोणी पाटी लावून सांगत नाहीं. प्रथमच आलेला पाहुणाहि न विचारतां योग्य जागीं जाऊन बसतो. येणारा मनुष्य आपला असेल, तो उन्हांतून दमून आलेला असेल, हें गृहीत धरून हें घर बांधलेलें असतें.

दोन्ही रचना आपापल्या जागीं उत्तम आहेत. अनर्थ ओढवतो तो मित्रासाठीं बांधलेल्या घराला किल्ल्याचा दरवाजा बसविला म्हणजे. आजच्या काळांत अर्जाचे नमुने, यंत्रें, मोबाईल फोनवरील सेवा अशा शेंकडों वस्तु मित्रासाठीं म्हणून घडविल्या जातात. परंतु त्यांपैकीं कित्येकांचा दरवाजा आडवळणींच असतो. हा दोष कसा शिरतो आणि तो काढावा कसा, ह्याचा विचार करणारी एक स्वतंत्र विद्याच गेल्या कांहीं दशकांत उदयास आली आहे. इंग्रजींत तिला 'यूझर एक्स्पीरियन्स डिझाइन' असें म्हणतात. मराठींत 'वापरणाऱ्याच्या सोयीची रचना' म्हटलें तरी अर्थ पुरा होतो.

ह्या विद्येचे एक आचार्य म्हणजे अमेरिकेंतील डॉनल्ड नॉर्मन. नित्याच्या वापरांतील वस्तूंवर त्यांनीं १९८८ सालीं एक ग्रंथ लिहिला आणि पुढें १९९३ च्या सुमारास ॲपल कंपनींत काम करतांना ह्या विद्येचें आजचें नांव रूढ केलें. त्यांच्या विवेचनांतील एक साधें उदाहरण दाराचेंच आहे. दार ढकलावें कीं ओढावें, हें कळेनासें झालें म्हणजे मनुष्य स्वतःला मूर्ख समजतो. वस्तुतः चूक त्याची नसते, दाराची असते. जें दार ढकलायचें, त्याला ओढण्याची मूठ कोणीं लावली, हा खरा प्रश्न. वापरणाऱ्याच्या हातून चूक झाली तर आधीं वस्तु तपासा, माणसाला दोष मागाहून द्या, हें ह्या विद्येचें पहिलें सूत्र.

तथापि नांव नवें असलें तरी गोष्ट नवी नाहीं. १९५८ सालीं चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्याच्याच प्रेरणेंतून १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय संरचना संस्था निघाली. त्या अहवालांत त्यांनीं ज्या वस्तूची मनापासून वाखाणणी केली, ती वस्तु म्हणजे आपला लोटा. तो कमरेवर किंवा डोक्यावर कसा बसतो, भरलेला असतांना आणि रिकामा असतांना त्याचा तोल कसा राहतो, तोंडाशीं बोटें कशीं जातात, तो घांसतां कसा येतो, अशा अनेक अंगांचा त्यांनीं विचार केला. आणि असली वस्तु कोणा एकट्यानें रचलेली नसून पिढ्यान् पिढ्यांच्या वापरांतून ती घडत आली आहे, असा निष्कर्ष काढला.

मालवणी घरांतील आडाळो ह्याच जातीचा. घाटावर जिला विळी म्हणतात, तिचाच हा कोंकणी भाऊ. सुरीनें चिरतांना एक हात सुरींत अडकतो. आडाळ्याचें पातें मात्र जागचें हलत नाहीं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पाटावर बसणाऱ्या बाईच्या शरीराचें वजनच त्याला धरून ठेवतें. पात्याच्या टोंकाला दांतेरी चकती असते. मासे आणि भाजी चिरून झाली कीं त्याच बैठकींत नारळ खवतां येतो. ही युक्ति कोणत्या विद्यालयांत शोधली गेली नाहीं. सुतार, लोहार आणि आडाळ्यावर बसणारी गृहिणी हीं तिघें एकाच गांवांत राहत होतीं. पातें कलतें झालें तर दुसऱ्या दिवशीं तक्रार थेट लोहाराच्या भट्टीपर्यंत जाई, आणि पुढच्या आडाळ्याचें पातें सरळ होई. घडविणारा आणि वापरणारा ह्यांच्यामध्यें फक्त एका पायवाटेचें अंतर होतें.

आज तें अंतर शेंकडों कोसांचें झालें आहे. शहरांतील उंच इमारतींत बसून जो मनुष्य फोनवरील सेवा रचतो, तो ती वापरणाऱ्या देवगडच्या आजीला कधींच भेटत नाहीं. तिची तक्रार त्याच्या भट्टीपर्यंत पोहोंचत नाहीं. म्हणून पूर्वी जें आपोआप घडत असे, तें आतां बुद्ध्या करावें लागतें: घडविणाऱ्यानें स्वतः उठून वापरणाऱ्याच्या दारीं जावें लागतें.

हें जाणें म्हणजे काय, ह्याचें एक अस्सल उदाहरण मालवणच्याच एका सुपुत्राच्या कार्यांत सांपडतें. जयंतराव साळगांवकर ह्यांचा जन्म १९२९ सालीं मालवणांत झाला. १९७३ सालीं त्यांनीं 'कालनिर्णय' ही दिनदर्शिका सुरू केली. ती पाहिली नाहीं असें मराठी घर आज क्वचितच सांपडेल. परंतु अति परिचयामुळें तिच्या रचनेंतील मर्म नजरेआड होतें.

त्याआधींचें पंचांग कसें होतें, हें पाहिल्यावांचून तें मर्म कळणार नाहीं. गणपत कृष्णाजी ह्यांनीं १८३१ सालीं मुंबईंत मराठी पंचांग छापलें, आणि हस्तलिखित पोथी जी जोशीबुवांच्याच घरीं असे, ती विकत घेतां येऊं लागली. हा मोठाच पल्ला होता. पण पुस्तक हातांत आलें म्हणजे अर्थ हातांत येतो, असें नाहीं. तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण हीं पांच अंगें लहान अक्षरांतील कोष्टकांतून भरलेलीं, आणि काळ मोजलेला घटकापळांत. समजा, एकादी तिथि सूर्योदयानंतर ३७ घटका २० पळांनीं संपत आहे. एक घटका म्हणजे २४ मिनिटें आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. तेव्हां हा काळ झाला १४ तास ५६ मिनिटांचा. सूर्योदय साडेसहाचा धरला तर तिथि रात्रीं ९ वाजून २६ मिनिटांनीं संपते. हा हिशोब करूं शकणारा मनुष्य घरांत नसे. मग साध्या एकादशीच्या उपासासाठींहि गृहिणीला विचारायला जावें लागे. आणि वारंवार विचारावें लागणाऱ्याच्या मनांत आपण अडाणी आहों ही बोंचणी हळूहळू घर करते. वस्तुतः अडाणी ती नव्हती. कोष्टक तिच्यासाठीं मांडलेलें नव्हतें.

साळगांवकरांनीं पंचांगांतील शास्त्र टाकलें नाहीं. त्याची मांडणी बदलली. घटकापळांच्या जागीं घड्याळाचे तास आणि मिनिटें आलीं. इंग्रजी तारीख ठळक ठेवून तिच्याच चौकटींत तिथि बसविली. कारण पगार, शाळा व आगगाडी इंग्रजी तारखेनें चालतात, आणि व्रत, सण व श्राद्ध तिथीनें. माणसाचें आयुष्य दोन कालगणनांत विभागलेलें होतें, तें एका चौकटींत एकत्र आलें. संकष्टीच्या चौकटींत चंद्रोदयाची वेळ आली, कारण त्या दिवशीं घरांतल्या उपाशी माणसाला हवें असतें तेवढेंच. हिंदूंच्या सणांबरोबर मुसलमान, ख्रिस्ती, पारशी अशा सर्वांचे सण आले, कारण शेजारी तेहि असतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुस्तक फळीवरून उतरून भिंतीवर आलें. फळीवरचें पुस्तक एकाचें असतें, भिंतीवरचा कागद साऱ्या घराचा होतो. पोळ्या लाटतां लाटतां मान वर केली कीं उत्तर समोर.

साळगांवकर हे शब्दकोड्यांचे रचनाकारहि होते, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. कोडें म्हणजे किल्ल्याचा दरवाजाच. उत्तर समोर असूनहि दिसूं नये, ह्यांतच त्याची गोडी. अर्थ लपवावा कसा, हें ज्याला उत्तम कळतें, त्याला तो उघडा करावा कसा हेंहि कळूं शकतें. कोडें रचणाऱ्याला वाचणाऱ्याच्या डोक्यांत काय चाललें असेल, ह्याचा सतत अदमास घ्यावा लागतो. तोच अदमास दिनदर्शिकेच्या कामीं आला. फरक हेतूचा.

पुढें लोकांनीं ह्या दिनदर्शिकेचें काय केलें, हा भाग याहूनहि बोधप्रद आहे. दुधाचा रतीब ज्या दिवशीं आला नाहीं, त्या तारखेवर गृहिणीनें फुली मारली. गॅसची टांकी लावली तो दिवस नोंदला गेला. कामवाल्या बाईचे खाडे, मुलाच्या परीक्षा, गाय व्याली ती तारीख, अशा सर्व गोष्टी त्या चौकटींत पेन्सिलीनें जाऊन बसल्या. घडविणाऱ्यानें वेळ सांगण्याचें साधन दिलें. वापरणाऱ्यांनीं त्याची घरची वही केली. ह्या विद्येंत जे मुरलेले असतात, ते अशा फुल्यांकडे फार बारकाईनें पाहतात. कारण लोकांना काय हवें असें तोंडीं विचारलें तर ते सभ्यपणें 'सारें ठीक आहे' असें म्हणतात. खरी गरज कळते ती त्यांच्या हातांकडे पाहून. विचारण्यापूर्वी पाहावें, हा दुसरा धडा.

तिसरा धडा मालवणच्या मच्छीमाराकडून घ्यावा लागतो. शहरांतील एकादा नव्या दमाचा रचनाकार ती चौकट पाहून सहज म्हणेल कीं, येथें फार गर्दी झाली आहे. कोपऱ्यांतील तो तिथीचा बारीक आंकडा काढून टाकावा, म्हणजे पान मोकळें दिसेल. परंतु किनाऱ्यावरचा तांडेल पहिल्यानें पाहतो तो तोच आंकडा. तिथीला तिनांनीं गुणून चारांनीं भागलें कीं भरतीची अदमासें वेळ निघते, असा आडाखा कोंकणपट्टींत पूर्वापार चालत आला आहे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सहाच्या सुमारास भरती, आणि दोन प्रहरीं ओहोटी. ठिकाणपरत्वें ह्यांत थोडाफार फरक पडतो, तो जो तो आपल्या खाडीपुरता जाणतो. पौर्णिमा आणि अमावास्या म्हटलें कीं उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. होडी खाडीच्या मुखांतून केव्हां बाहेर काढावी, रापण केव्हां टाकावी, कुर्ल्या धरण्यासाठीं खडपांत केव्हां उतरावें, हें सारें त्या बारीक आंकड्यांत दडलेलें असतें. एकाच्या दृष्टीनें जी अडगळ, ती दुसऱ्याची पोटाची भाकरी. सोपें करणें म्हणजे वगळणें नव्हे. काय वगळावें हें ठरविण्यापूर्वी तें कोणाच्या कामाचें आहे, हें शोधून काढण्याची जबाबदारी घडविणाऱ्यावर पडते.

समुद्राचा विषय निघाला म्हणजे ही गोष्ट केवळ सोयीची उरत नाहीं. ती जीविताची होते. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते चक्रीवादळ ह्याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें, तेव्हां इशारा वेळेवर आणि समजेल अशा रीतीनें पोहोंचणें ह्याचें मोल साऱ्या कोंकणानें अनुभवलें. बंदरावर धोक्याचा बावटा चढविण्याची जुनी पद्धति ह्या दृष्टीनें अभ्यास करण्याजोगी आहे. दिवसां खांबावर ठराविक आकृति, रात्रीं लाल व पांढरे दिवे. वाचतां न येणाऱ्यालाहि ती लांबून दिसते, आणि 'तीन नंबरचा बावटा लागला' एवढें एक वाक्य गांवभर पसरण्यास पुरे होतें. वाऱ्याचा वेग ताशीं किती किलोमीटर, हा हवामानशास्त्रज्ञाचा प्रश्न आहे. तांडेलाचा प्रश्न एकच असतो: जावें कीं न जावें? उत्तम इशारा तो, जो त्याच्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतो आणि आंकडे मागाहून. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सागरी माहितीची संस्था मासे मिळण्याचा संभव असलेल्या जागांची सूचना स्थानिक भाषांतून देते, तीहि किनाऱ्यावरील ठराविक ठिकाणापासून दिशा, अंतर आणि खोली ह्या स्वरूपांत. कारण समुद्रांत मनुष्य ह्याच तीन गोष्टींनीं वाट काढतो. शास्त्राला येथें वापरणाऱ्याच्या भाषेपर्यंत खालीं उतरावें लागलें असें कोणी म्हणेल. खरें म्हणजे तें वर चढलें.

उलट जेथें हा विचार अपुरा पडतो, तेथें काय होतें, हेंहि पाहिलें पाहिजे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांना दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठींची खेप वांचावी म्हणून २०१४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें 'जीवन प्रमाण' ही सेवा सुरू केली. यंत्रावर बोट ठेवावें, ठसा जुळला कीं दाखला तयार. हेतु निःसंशय चांगला. परंतु वार्धक्यानें बोटांवरील रेषा पुसट होतात. आणि ज्या हातांनीं जन्मभर दोर ओढले, जाळीं विणलीं, भांडीं घांसलीं, त्या हातांच्या रेषा तर आधींच झिजलेल्या असतात. अशा बोटाला यंत्र ओळखत नाहीं. समोर जिवंत बसलेला म्हातारा बोट पुसून पुसून पुन्हां ठेवतो, आणि मागें उभ्या असलेल्या लोकांकडे ओशाळून पाहतो. त्याला वाटतें, चुकलें तें आपलेंच. पण त्याच्या बोटाचें काहींच चुकलेलें नसतें. तें बोट म्हणजे त्याच्या कष्टांचा दाखला असतो. तो वाचतां येत नाहीं, ही यंत्राची निरक्षरता. पुढें २०२१ च्या नोव्हेंबरांत चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय करण्यांत आली, ही समाधानाची गोष्ट. दुसरें दार उघडलें गेलें. मात्र पहिलें दार रचतांनाच जर झिजलेलीं बोटें समोर ठेवलीं असतीं, तर कित्येक वृद्धांचें तें ओशाळणें वांचलें असतें. म्हणून चौथा धडा असा कीं, वस्तूची परीक्षा चलाख तरुणाच्या हातून घेऊं नये. थरथरणाऱ्या हातांकडून आणि मंद दृष्टीकडून घ्यावी. ज्या पायरीवरून म्हातारी सुखरूप उतरते, तिच्यावरून नातू धांवत जातो. उलट घडत नाहीं.

येथवर ज्या दोषांचा विचार झाला, ते अनवधानाचे दोष होत. परंतु असाहि एक वर्ग आहे, जो ही विद्या चांगली जाणतो आणि जाणूनच उलटी वापरतो. एकाद्या सेवेची वर्गणी सुरू करण्याचें बटण ठळक व रंगीत, ती बंद करण्याचें मात्र सांपडतां सांपडत नाहीं. वस्तूची किंमत एक दाखवायची आणि पैसे भरतांना तींत निरनिराळे आकार मिळवायचे. 'फक्त दहा मिनिटें शिल्लक' अशी खोटी घाई करायची. हे दरवाजे चुकून आडवळणीं झालेले नसतात. ग्राहकाला शत्रु समजून ते तसे बांधलेले असतात. शत्रूसाठीं योजावयाची युक्ति येथें पाहुण्यावर चालविली जाते. भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ह्याविरुद्ध मार्गदर्शक नियम जाहीर केले आणि अशा १३ प्रकारच्या क्लृप्त्या नांवानिशीं वर्ज्य ठरविल्या. तेव्हां ही विद्या केवळ हातचलाखीची नाहीं, नीतीचीहि आहे, हें सरकारदरबारींहि मान्य झालें. सुतारानें दार कसें करावें हें कौशल्य. कोणासाठीं करावें, हा धर्म.

ह्या सर्वांतून तरुण रचनाकारानें काय घ्यावें? आजच्या मराठी मुलामुलींसाठीं हा एक नवा उद्यम आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें १९६९ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक संरचना केंद्रासारख्या ठिकाणीं त्याचें शिक्षणहि मिळतें. रंग, अक्षरें, चित्रें आणि संगणक हीं त्या विद्येचीं साधनें शिकतां येतात. पण तिचें मूळ साधन बाजारांत मिळत नाहीं. तें म्हणजे दुसऱ्याच्या अज्ञानाबद्दल आदर. जें आपल्याला ठाऊक आहे तें दुसऱ्याला ठाऊक नसणें हा त्याचा दोष नव्हे, ही जाणीव ज्याच्या ठायीं नाहीं, तो कितीहि सुंदर चौकट रचो, ती कोष्टकच राहील. उत्तम शिक्षक, उत्तम वैद्य आणि उत्तम यजमान ह्या तिघांत जो गुण समान असतो, तोच येथें हवा.

ह्या कामांत कीर्ति मात्र बेताचीच. चांगल्या दाराची कोणी स्तुति करीत नाहीं. त्यांतून लोक सरळ आंत जातात आणि यजमानाशीं बोलूं लागतात. आडाळ्याला सरळ पातें प्रथम कोणीं बसविलें, त्याचें नांव कोणाला ठाऊक नाहीं. जयंतराव साळगांवकर २०१३ सालीं निवर्तले. आज पहाटे एकाद्या घरीं भिंतीकडे मान वर करून चतुर्थीचा चंद्रोदय पाहणारी गृहिणी त्या क्षणीं त्यांचें नांव मनांत आणीत नसेल. तिला वेळ कळते आणि ती कामाला लागते. घडविणाऱ्याच्या श्रमांची सार्थकता हीच.

सांज झाली म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरून किल्ल्याचा तट हळूहळू अंधारांत मिसळून जातो, आणि त्याचा दरवाजा तर दिवसांहि दिसत नव्हता. त्याच वेळीं गांवांतल्या घरोघरीं तुळशीपुढें दिवा लागतो. तो देवासाठीं असतो हें खरें. पण उशिरानें परतणाऱ्याला पायरी दिसते ती त्याच उजेडांत. जे कोणी लोकांसाठीं कांहीं घडवीत असतील, त्यांनीं काम हातावेगळें करण्यापूर्वी एवढेंच पाहावें, कीं आपण पायरीपाशीं दिवा ठेवला आहे, कीं बुरुजाआड दरवाजा.